हळू उडणाऱ्या विमानांबद्दलही छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लढाऊ विमानांवरचा लेख वाचला, फोटो मस्त होते, पण सगळी चर्चा स्पीड किती, किंमत किती यावरच आणि खाली टेहळणी करत हळू उडणारी विमानं ड्रोनमुळं भंगारात गेली असं एका वाक्यात उरकून टाकलंय, ते अजिबात पटलं नाही.

अमेरिकेचं ओव्ही-१० ब्रॉन्को घ्या. १९६५ ला पहिलं उड्डाण, दोन टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारी) इंजिनं, मागं दोन शेपट्या, आणि कॉकपिटच्या काचा बाजूला फुगीर, कशाला तर पायलटला वाकून थेट खालचं दिसावं. व्हिएतनाममध्ये यांचं काम म्हणजे जंगलावर घिरट्या घालून शत्रू हुडकायचा, धुराचं रॉकेट मारून जागा दाखवायची आणि जेट बोलवायचे.

२९ जून १९७२ ला क्वांग त्रीजवळ दक्षिण व्हिएतनामची एक तुकडी घेरली गेली. कॅप्टन स्टीव्हन बेनेट ब्रॉन्को घेऊन वर होता, जेट मिळेनात, आणि जहाजावरून तोफा मारायच्या तर आपलेच सैनिक फार जवळ. मग त्यानं स्वतःच खाली झेप घेऊन मशीनगन चालवली, चार वेळा, आणि पाचव्या वेळी मिसाईल लागलं. इंजिन पेटलं. त्याला इजेक्ट होता (पॅराशूटनं बाहेर पडता) आलं असतं हो, पण मागच्या सीटवरच्या माईक ब्राऊनच्या पॅराशूटच्या चिंध्या झालेल्या. ब्रॉन्को पाण्यात उतरवलं की पुढचं कॉकपिट फुटतं हे माहीत असूनही त्यानं ते समुद्रात उतरवलं. ब्राऊन वाचला, बेनेट गेला, वय २६. त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं.

१९९१ च्या आखाती युद्धात दोन ब्रॉन्को पडली, मिसाईलपुढं हे विमान कमी पडतं हे खरंच आहे. पण म्हणून भंगार कसं? २०१५ मध्ये इराकमध्ये आयसिसविरुद्ध यांनाच परत काढलं, आणि कॅलिफोर्नियात तर वणवा लागला की ब्रॉन्कोच वर फिरत आग विझवणाऱ्या टँकर विमानांना कुठं मारा करायचा ते सांगतात.

आपल्याकडंही तोफखान्याचे एअर ओपी (हवाई निरीक्षण चौकी) पायलट ऑस्टर, कृषकसारख्या छोट्या विमानांतून गोळे कुठं पडतायत ते वरून सांगायचे. आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आमच्या नाशकातच आहे, तिथल्या जुन्या पायलटांना भेटायला एखादा वार्ताहर पाठवा आणि त्यांच्यावर एक अख्खं पान छापा, ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक,
नाशिक रोड