एपॉक्सीचं टेबल करताना हातमोजे घालाच

संपादक महोदय,

काँक्रीट, लाकूड आणि एपॉक्सी (दोन द्रव मिसळून ओतायचं, मग कडक होणारं रेझिन) वापरून घरीच टेबल बनवायचे व्हिडिओ बघून हल्ली बरेच जण कामाला लागतात, छानच आहे ते, पण व्हिडिओत जे दाखवत नाहीत तेच महत्त्वाचं आहे म्हणून हे पत्र. एपॉक्सी आणि ते घट्ट करायला त्यात मिसळायचं हार्डनर उघड्या हाताला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, मग थोडंसं लागलं तरी पुरळ उठतं. त्यामुळे नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे हवेतच, खिडक्या उघड्या हव्यात आणि पॉलिश पेपर मारताना चांगला मास्क हवा, रुमाल बांधून भागत नाही. लहान मुलांना शेजारी बसवून हे काम करणारे बघितले की खरंच जीव घाबरा होतो!! जाड थर एकदम ओतला तर तो आपोआप तापतो, धूरसुद्धा निघू शकतो, म्हणून डब्यावर लिहिलेल्या जाडीपेक्षा जास्त ओतू नका.

लाकूड पूर्ण वाळलेलं घ्या, जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर उत्तमच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, काँक्रीट त्या मानाने जागचं हलत नाही, तेव्हा दोन्ही घट्ट जखडू नका, स्क्रूची भोकं लांबट ठेवा. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारा आणि नीट सुकल्यावरच एपॉक्सी लावा. चार बाय दोन फुटांचा दोन इंच जाड काँक्रीटचा टॉप साधारण 90 किलो भरतो, पाय तसे मजबूत हवेत.

कंपन्यांनी डब्यावर त्वचेबद्दलची सूचना मराठीत ठळक छापावी ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा