पंच नसलेल्या खेळाकडून एक मागणी

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये खिलाडूवृत्तीचे गुण प्रतिस्पर्धी संघाकडून घेण्याबाबत

महोदय,

सुरुवातीलाच सांगते, हे पत्र मैदान, निधी किंवा मान्यता मागण्यासाठी नाही. तशी पत्रं तुमच्याकडे गठ्ठ्याने येत असतील. माझी मागणी एका कागदाची आहे, अर्ध्या पानाच्या.

मी पुण्यात रविवारी सकाळी मुलांना अल्टिमेट फ्रिसबी शिकवते. तुमच्या अधिकाऱ्यांनी 'तो बीचवर ताटली फेकतात तो का?' असं विचारलं, तर राग मानणार नाही, सगळेच विचारतात. थोडक्यात सांगायचं तर दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू, 100 मीटर लांब मैदान आणि 175 ग्रॅमची डिस्क. डिस्क हातात आली की पळायचं नाही, एक पाय रोवून दहा सेकंदांत आपल्या दुसऱ्या खेळाडूकडे फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाने झेलली की पॉइंट. आमच्याकडे मुलं-मुली एकाच संघात खेळतात. 1968 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या एका शाळेतल्या पोरांनी हा खेळ सुरू केला. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली.

आता मुद्द्याची गोष्ट. या खेळात पंच नसतो. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यातसुद्धा नाही. धक्का लागला तर ज्याला लागला तो 'फाउल' म्हणतो. समोरच्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर तो 'कॉन्टेस्ट' म्हणतो. दोघं आपापली बाजू सांगतात, ज्यांना नीट दिसलं त्यांना विचारतात, आणि तरीही जमलं नाही तर डिस्क फेकणाऱ्याकडे परत जाते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आपण हेच करायचो, फक्त आवाज चढवून. आणि ज्याची बॅट असायची त्याचं खरं धरलं जायचं.

गेल्या डिसेंबरातल्या एका स्पर्धेत आमचा सामना 12-12 वर आला. पुढचा पॉइंट ज्याचा, सामना त्याचा. आमच्या संघात नववीतली एक मुलगी आहे, महापालिकेच्या शाळेतली, अंगाने किरकोळ पण उडी अशी की बघत राहावं. तिने डावीकडून अचानक मुसंडी मारली, लांबून फेकलेली डिस्क वाऱ्यावर जरा तरंगली, तिने ती दोन्ही हातांनी झेलली आणि पट्ट्यात जाऊन पडली. आमची पोरं आत धावली, कुणीतरी पाण्याची बाटली उडवली. ती उठली, गुडघ्याची माती झाडली आणि मागे रेषेकडे बघत म्हणाली, "नाही. टाच रेषेवर होती."

आमच्या नियमात पट्टा जिथे सुरू होतो ती रेषा पट्ट्यात धरत नाहीत. झेल घेतल्यावर पहिला पाय रेषेवर पडला तर पॉइंट नाही. ती रेषेपाशी परत आली आणि तिथून खेळ पुढे सुरू झाला. तिने दिलेला छोटा पास समोरच्या संघातल्या एका उंच मुलाने हाताने खाली पाडला. तिथून त्यांनी पाच-सहा थ्रोमध्ये मैदान पार केलं आणि आम्ही 13-12 असे हरलो.

मुलीचे वडील कंपनीतली शिफ्ट बदलून सामना बघायला आले होते. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही पोरांना हरायला शिकवता का?" मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटत होतं की, पोरी, गप्प बसली असतीस तर?

आमच्या खेळात सामना संपला की दोन्ही संघ हातात हात घालून एक गोल करतात. आपला एक, त्यांचा एक, असे आलटून पालटून उभे राहतात आणि आज काय चांगलं झालं, काय खटकलं ते तोंडावर बोलतात. त्यानंतर प्रत्येक संघ बाजूला जाऊन समोरच्या संघाला गुण देतो, पाच गोष्टींसाठी : नियम माहीत होते का आणि ते नीट वापरले का, अंगाशी खेळ किती झाला, निर्णय स्वतःच्या विरुद्ध जात असतानाही प्रामाणिक राहिले का, डोकं शांत आणि वागणं हसतमुख होतं का, आणि बोलणं कसं होतं. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण वीस. याला 'स्पिरिट स्कोअर' म्हणतात. 2 म्हणजे चांगलं, त्यामुळे साधा, व्यवस्थित खेळलेला सामना दहावर बसतो. आमच्या पालकांना हे पचवायला वर्ष गेलं. वीसपैकी दहा म्हणजे जेमतेम पास, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं.

त्या दिवशी आम्हाला 12 मिळाले. अंगाशी खेळण्यात 1, कारण आमचा एक मुलगा दोनदा समोरच्याच्या पाठीवरून उडी मारून झेल घ्यायला गेला होता. त्याबद्दल त्याला गोलातच ऐकावं लागलं आणि ते योग्यच होतं. प्रामाणिकपणात 4. आणि शेरा लिहायच्या जागेत पेन्सिलीने एक ओळ होती : 'टाच आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती.'

महोदय, हे पत्र मी त्या ओळीमुळे लिहीत आहे.

खिलाडूवृत्तीची बक्षिसं आपल्याकडे नाहीत असं नाही. मी शाळेत होते तेव्हा खो-खोच्या एका आंतरशालेय स्पर्धेत 'उत्कृष्ट शिस्तबद्ध संघ' अशी ढाल असायची. ती संचलनात पाय जुळलेल्या आणि गणवेश कडक इस्त्रीचा असलेल्या संघाला मिळायची, बहुतेक वेळा यजमान शाळेला. ठरवणारे कोण, तर व्यासपीठावर बसलेले पाहुणे. पाठलाग करताना कुणी खुणेने खोटं सांगितलं, कुणी पडलेल्या मुलीला हात देऊन उठवलं, हे व्यासपीठावरून दिसतच नाही. ते दिसतं समोरच्या संघाला, आणि त्याला कुणी विचारत नाही.

पंचांनी दाखवलेली कार्डं मोजूनही हे साधत नाही. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोल, गोलफरक सगळं सारखं झालं. एकमेकांतला सामनाही 2-2. मग 'फेअर प्ले'चा निकष लावला आणि जपानची पिवळी कार्डं 4, सेनेगलची 6, म्हणून जपान पुढे गेला. पण तिथे पोचायला जपानने काय केलं? पोलंडविरुद्ध 1-0 ने मागे असताना शेवटची दहा मिनिटं आपसात चेंडू फिरवत ठेवला, कारण तोवर दुसऱ्या मैदानावरून बातमी आली होती की सेनेगलही हरतोय. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. नियमाने सगळं बरोबर होतं. 'फेअर प्ले' नावाचा निकष जिंकण्यासाठी न खेळणं, याला आपल्याकडे रडीचा डाव म्हणतात.

आणि या उलटची गोष्ट तर मुंबईतच, वानखेडेवर घडली आहे. फेब्रुवारी 1980, इंग्लंडविरुद्धची सुवर्णमहोत्सवी कसोटी. पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांना वाटलं की बॅट लागलेलीच नाही. त्यांनी पंचांशी बोलून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांची भागीदारी त्यामुळे 171 धावांपर्यंत गेली आणि भारत दहा गडी राखून हरला. आमच्या घरी वडील ही गोष्ट सांगताना आवाज बदलायचे. हरलेल्या सामन्याबद्दल त्यांना इतकं अभिमानाने बोलताना मी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही. पण विश्वनाथ मोठे खेळाडू होते, जग बघत होतं. तालुक्याच्या मैदानावर तेरा वर्षांच्या पोराने तेच केलं, तर त्याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते?

म्हणून माझी मागणी अशी. एक जिल्हा निवडा. एकच वर्ष. 14 वर्षांखालच्या गटातल्या कबड्डी, खो-खो आणि फुटबॉलच्या शालेय स्पर्धा घ्या. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघांना दहा मिनिटं आणि एक फॉर्म द्या, आणि समोरच्याला गुण द्यायला सांगा. या खेळांत पंच असतात, तेव्हा नियमांच्या ओळीऐवजी 'पंचांशी कसे वागले' अशी ओळ घाला. निकालाला हात लावू नका. सामना ज्याने जिंकला त्याने जिंकला. शेवटी ज्या संघाची सरासरी सर्वांत जास्त, त्याला विजेत्याच्या चषकाएवढाच चषक द्या, त्याच व्यासपीठावर, त्याच पाहुण्यांच्या हस्ते. आभारप्रदर्शन उरकून मांडव सोडायला लागल्यावर नको.

लबाडी होईल का? होईल. मित्रांच्या संघाला वीस आणि हरवणाऱ्याला पाच, हे आम्हीही पाहिलं आहे. मी स्वतः एकदा रागाच्या भरात एका संघाला 0 लिहिला होता. तेव्हा स्पर्धेची स्पिरिटची जबाबदारी सांभाळणाऱ्या मुलीने मला बोलावून शांतपणे विचारलं, "नक्की काय झालं ते लिही." लिहायला बसले तर दोन ओळीसुद्धा होईनात. शून्याचा एक केला, मग दोन. तेव्हापासून आमच्याकडे शून्य, एक आणि चार या गुणांपुढे कारण लिहायला लावतो, आणि फॉर्म कप्तानाने एकट्याने न भरता सगळ्या संघाने बसून भरायचा असतो. गुण जरा बरे येतात असं नाही, पण खरे येतात.

हेही लपवत नाही की खेळात पैसा आला की हे सगळं ताणलं जातं. अमेरिकेत 2012 मध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा त्यांनी पंच आणलेच. पण एक नियम ठेवला : पंचाने तुमच्या बाजूने दिलेला निर्णय चुकीचा आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तुम्ही तो स्वतः फिरवू शकता. शालेय कबड्डीत असा एक नियम आला, तर चढाई करून आलेला पोरगा काय म्हणेल, हे बघायला मला आवडेल.

एक विनंती मात्र हात जोडून. या गुणांना दहावी-बारावीचे सवलतीचे गुण किंवा नोकरीतलं 5 टक्के आरक्षण जोडू नका. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं आपल्या राज्याने पाहिली आहेत. प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र विकत मिळायला लागलं, तर त्याहून वाईट विनोद नाही. त्या मुलीच्या वडिलांना माझं हे म्हणणं आवडणार नाही, आणि ते चुकीचे आहेत असं मी म्हणू शकत नाही. तिच्या हातात त्या दिवशी 'सहभाग' असं लिहिलेला एक कागद पडला. तो घेऊन गेल्यावर शाळेत पहिला प्रश्न आला, नंबर आला का? त्या कागदावर निदान एवढं छापता आलं असतं : प्रतिस्पर्ध्यांनी दिलेले गुण, 20 पैकी 12, प्रामाणिकपणा 4. त्याचं काय करायचं ते तिचं तिने ठरवलं असतं.

ती अजून येते. वडीलही येतात, शिफ्ट नसेल तेव्हा. परवा सरावात एका मुलाने रेषेबाहेर झेललेली डिस्क आत म्हणून दामटायला सुरुवात केली, तेव्हा बाहेरून पहिला आवाज त्यांचाच आला, "ए, बाहेर होती रे!" बघणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नसतं हा नियम मी त्यांना अजून सांगितलेला नाही.

आपली,
रविवार सकाळची एक प्रशिक्षक, पुणे

ता. क. : सोबत फॉर्मचा मराठी नमुना जोडला आहे. भाषा मुलांचीच आहे. 'आपल्या विरुद्ध गेलं तरी खरं बोलले का?' ही ओळ त्या मुलीची. 'रडीचा डाव' हा शब्द त्यांनी पाचपैकी तीन ओळींत घातला आहे. एकीतच ठेवा म्हटलं तर म्हणाले, ताई, तीन वेगवेगळे प्रकार असतात.