चिठ्ठी मागणाऱ्या ताईंना

मेडिकलवाल्या ताई,
सा. न. वि. वि.

मार्चातली गोष्ट. हळदीचे सौदे जोरात होते. संध्याकाळी सातच्या सुमारास एका माणसानं तुमच्या काउंटरवर संपत आलेली डोळ्यांच्या ड्रॉप्सची बाटली आपटली आणि म्हणाला, ‘अशीच दुसरी द्या.’ तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. तो म्हणाला, पलीकडच्या दुकानात कोणी मागत नाही. तुम्ही म्हणालात, ‘मग तिकडं जावा. पण जायच्या आधी एक सांगा, रात्री डोळे मिटून झोपता का?’ त्यावर चार गिऱ्हाइकांदेखत तो तुम्हाला जे बोलला, ते इथं परत लिहीत नाही. तो माणूस मी.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. गेलं वर्षभर सकाळी उठलो की डोळे लालभडक, वाळू गेल्यासारखे खुपणारे. अकरा वाजेपर्यंत आपोआप निवळायचे. हमाल विचारायचे, ‘दिवाणजी, काल जास्त झाली काय?’ माझ्या गळ्यात माळ आहे, पण लाल डोळ्यांपुढं माळेची साक्ष कोण काढतो? आईचं निदान उष्णता. सब्जा झाला, गुलकंद झाला, काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले. झोप झकास लागायची, डोळे तसेच. शेजारच्या काकू गुलाबपाणी घेऊन आल्या, तेही घातलं, चुरचुर वाढली. मालक म्हणाले, हळदीची भुकटी, दुसरं काय?

भुकटीचं सगळ्यांना पटलं, मलाही. पण तुम्ही विचारलंत, ‘लाल सकाळी असतात का संध्याकाळी? रविवारी?’ भुकटीचंच असतं तर दुकान बंद करताना डोळे लाल हवे होते आणि सुट्टीच्या सकाळी पांढरे. माझं नेमकं उलटं. आयुष्य हिशोबात गेलेल्या माणसानं हा ताळा एकदाही करून बघितला नव्हता. तुम्ही अर्ध्या मिनिटात केलात. त्याचाच राग आला असणार.

त्याआधी मी काय काय केलं होतं ते तुम्हाला माहीत नाही. पहिल्यांदा डोळे पांढरे करणारे ड्रॉप्स आणले. दहा मिनिटांत डोळे असे स्वच्छ की आरशात बघून हसू यायचं. ते औषध रक्तवाहिन्या आवळतं, एवढंच. असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. दोनदा घालणारा मी पाचदा घालायला लागलो. मग पोराच्या ॲलर्जीची मागल्या वर्षीची बाटली कपाटात सापडली. स्टेरॉइडची होती. तुम्ही बोट ठेवलंत त्या लेबलावरच्या तांबड्या उभ्या रेघेवर. ती असली की औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं; मला ती तोवर नक्षी वाटत होती.

घरी जाऊन तावातावानं सगळं बायकोला सांगितलं. ती गप्प. रात्री दोन वाजता तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि सकाळी चहासोबत समोर धरला. डोळे मिटलेले, पण पुरते नाहीत. खालच्या बाजूला दोन्हीकडं पांढरी फट. वर गरगरता पंखा, आमच्या उन्हाळ्यात रात्रभर पाचवर. ‘लग्न झाल्यापासून असंच झोपता,’ म्हणाली. एवढी वर्षं मला का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणे, ‘तुम्ही कधी विचारलंत?’

मिरजेत डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदाच्या पट्टीनं पिवळा रंग डोळ्यात लावला आणि निळ्या उजेडात बघितलं. बुबुळाच्या खालच्या भागात हिरवे ठिपकेच ठिपके. उसाच्या फडात एका सरीला पाणीच पोचू नये, तसं झालं होतं. झोपेत पाणी तसंही कमी पाझरतं, त्यात उघडी फट आणि वरून वारा. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथीही तुंबलेल्या. तेल नसलं की आहे ते पाणीही लवकर उडतं. चेहऱ्याची नस अधू झाली किंवा थायरॉइडमुळं डोळे पुढं आले तरी पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, म्हणून तेही तपासलं. माझ्यात तसलं काही निघालं नाही.

मग डोळ्याचा दाब मोजला. 10 ते 21 असायला हवा, माझा 26. डॉक्टरांनी विचारलं, स्टेरॉइडचे ड्रॉप्स घालता? तेव्हा मान खाली गेली. काही लोकांचा दाब त्यानं वाढतो, दुखत नाही, कळत नाही, आणि आत डोळ्याची नस मरत जाते. आणखी एक बाटली मिळाली असती तर मी तीही संपवली असती, ताई. बंद केल्यावर दीड महिन्यानं 17 भरला.

आता रात्री झोपताना डोळे ओले ठेवणारं घट्ट जेल घालतो, त्यानं थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून दिवा मालवायच्या आधी नाही, पडल्यावरच. सकाळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं पापण्यांवर, मग हलक्या हातानं कडा पुसायच्या. फडकं लगेच गार होतं, दोन-तीनदा बुडवावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. खाट पंख्याखालून भिंतीकडं सरकवली. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहितो, महिना झाला की फेकतो. दिवाणजीला हे तरी जमायलाच हवं.

भाचा विश्रामबागेत राहून इंजिनिअरिंग करतो, लेन्स घालूनच झोपायचा. त्याचेही डोळे सकाळी लाल. त्याला जखमेची, बुबुळात पू होण्याची भीती घालून सोडवलं. तुम्ही मला जाता जाता ओरडून सांगितलेलंही त्याला पाठ करायला लावलंय: दुखायला लागलं, उजेड सोसेना, दिसायला कमी झालं किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर सकाळची वाट बघायची नाही.

त्या दिवशी तुमची साठ-सत्तर रुपयांची विक्री गेली आणि वर माझं ऐकून घेतलंत. माफी आधी मागायला हवी होती, आभाराच्या निमित्तानं मागतोय. नवी राजापुरी हळद घरी दळून आणलीय, अर्धा किलो तुमच्यासाठी बाजूला काढलीय. शनिवारपर्यंत जेल संपतंय. येतो. चिठ्ठी घेऊन येतो.

आपला,
मार्केट यार्डातला दिवाणजी