अडकलेली रायफल मोकळी करताना

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबांनी विचारलं होतं, चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर काय करतात? आणि आईचा प्रश्न, अडकलेली रायफल हातातच फुटते का? दोन्हींची उत्तरं फोनवर धड सांगता आली नसती, म्हणून लिहिते.

आम्ही शिकतोय ते एआर-१५ पद्धतीच्या रायफलवर. प्रशिक्षक खऱ्या काडतुसांमध्ये दोन-तीन डमी काडतुसं मिसळून मॅगझिन, म्हणजे रायफलखाली लावायची काडतुसांची पेटी, भरून देतात. डमीत दारू नसते, ती पेटवणारा बुडातला प्रायमरही नसतो. ते कधी येणार हे ठाऊक नसतं. आलं की नुसता ‘कट्’ आवाज होतो, आणि धक्का बसणार या भीतीने नळी खाली झुकली असेल तर तेही सगळ्यांना दिसतं! अडथळा काढण्याआधी ही खोड निघते, म्हणून मला हा सराव फार आवडतो.

‘कट्’ झालं की बोट आधी चापावरून बाहेर. या रायफलचा हॅमर (चाप ओढल्यावर आपटणारा आतला हातोडा) पडलेला असताना सेफ्टीची कळ लागतच नाही, त्यामुळे बोट बाहेर हीच सेफ्टी. मग मॅगझिनच्या बुडाला तळहाताने जोरात फटका, चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) पूर्ण मागे खेचायचं आणि सोडून द्यायचं. हाताने धरून हळूहळू पुढे न्यायचं नाही. स्प्रिंगचा पूर्ण जोर मिळाला नाही तर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग, नीट बंद होत नाही. खेचताना रायफल थोडी उजवीकडे कलती ठेवली की आतलं काडतूस आपल्या वजनाने खाली पडतं.

काय पडलं ते मात्र बघायचं. काहीच पडलं नाही तर बहुधा चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) रिकामं होतं, म्हणजे मॅगझिन पूर्ण बसलं नव्हतं. ३० चं मॅगझिन गच्च भरून बंद बोल्टखाली लावलं की ते सहज बसत नाही, म्हणून बरेच जण २८ च भरतात आणि लावल्यावर खाली ओढून खात्री करतात. खरं काडतूस पडलं आणि प्रायमरवर खोल खळगा असेल, तर बहुधा काडतूसच खराब. खळगा उथळ असेल तर हॅमरची स्प्रिंग, फायरिंग पिन (प्रायमरवर टोचणारी सुई) किंवा अर्धवट बंद झालेला बोल्ट तपासायचा.

पण बाबा, हे झटपट खेचणं डमीच्या सरावात. रेंजवर फक्त खरी काडतुसं असतील आणि घाई नसेल, तर नळी निशाणाकडेच धरून ३० सेकंद थांबायचं. दारू कधीकधी उशिरा पेटते, आणि ते काडतूस चेंबरबाहेर आल्यावर पेटलं तर पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) फुटून पितळेचे तुकडे उडतात.

रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली तरी हाच इलाज चालतो. दोन काडतुसं एकदम आत शिरू पाहतात तेव्हा मात्र नाही. एकाच दारात दोघे घुसून अडकावेत तशी ती बसतात, आणि बुडाला फटका मारला तर आणखी घट्ट होतात. इथे आधी डोळ्यांनी बघायचं. बोल्ट मागे खेचून अडकवायचा, म्हणजे मॅगझिनवरचा दाब सुटतो. नाहीतर ते निघता निघत नाही. मग मॅगझिन ओढून काढायचं, हँडल दोन-तीनदा खेचायचं, चेंबर रिकामं आहे ना ते बघून करंगळीनेही चाचपायचं, आणि दुसरं मॅगझिन लावायचं. काढलेल्या मॅगझिनवर रंगाने खूण करायची. त्याच खुणेवर पुन्हा अडथळा आला तर त्याचे ओठ, म्हणजे काडतुसं धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, बहुधा वाकलेले असणार. ते दुरुस्त करत बसू नये, टाकून द्यावं. पण पुंगळ्याच चेंबरमधून निघत नसतील तर दोष मॅगझिनचा नाही: एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग, चेंबरमधली काजळी किंवा कोरडा बोल्ट.

आता आईचं उत्तर. वर सांगितलेल्या अडथळ्यांनी सहसा रायफल फुटत नाही. फुटू शकते ती नेहमीच्या धडाक्याऐवजी बारीक ‘फुस्’ झाल्यावर, कोणी पुढची गोळी झाडली तर. दारू कमी पडली किंवा नव्हतीच, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते. आणि गंमत अशी की तेव्हा गॅसचा जोरही पुरत नाही, बोल्ट मागे येत नाही, म्हणजे बाहेरून ते साध्या अडथळ्यासारखंच दिसतं. सवयीने फटका मारून हँडल खेचलं की नवं काडतूस आत, आणि समोर नळी बंद! म्हणून आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की हात थांबतो, मॅगझिन निघतं, चेंबर रिकामं होतं. मग रायफल उघडून बोल्ट बाहेर काढायचा आणि मागच्या बाजूने नळीत प्रकाश दिसतो का ते पाहायचं. दिसला नाही तर अडकलेली गोळी सळईने ठोकून काढायचं काम शस्त्रकारागिराचं, आमचं नाही.

चष्मा आणि कानावरचे मफ रेंजवर पाय ठेवल्यापासून असतात, त्याची काळजी नको. आणखी काही विचारायचं असेल तर बाबा, पत्रातच विचारा.

तुमची,
लेक