सांदवाडीलाही हवामान सल्ल्यात जागा द्यावी

महोदय,

अवकाळी पावसाने कापूस, तूर, हरभरा आणि संत्र्याचे किती नुकसान केले याच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात आणि त्या यायलाच हव्यात. त्याच पावसात घरामागच्या सांदवाडीचे, म्हणजे परसबागेचे, काय होते, याविषयी मात्र कुठे एक ओळही वाचायला मिळत नाही. गेली बावीस वर्षे मी वरोरा तालुक्यातील आमच्या घरामागे दीड गुंठ्यात भाजीपाला लावते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आमच्या सहा माणसांच्या घरात बटाटे व लसूण यांखेरीज बाजाराची भाजी सहसा येत नाही. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

विदर्भाचा हिवाळा म्हणजे कोरडी, बोचरी थंडी असे आपण धरून चालतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे अनेकांना आठवत असेल. यंदा मात्र आभाळ सतत भरलेले, रात्री उबदार आणि दहा-बारा दिवसांआड पावसाची एखादी सर, असे चालले आहे. पश्चिमी विक्षोभ (भूमध्य समुद्राकडून येणारे पावसाळी हवेचे पट्टे) आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प यांची आपल्या भागावर गाठ पडली की हिवाळ्यात पाऊस होतो, आणि ढगांच्या पांघरुणामुळे जमिनीची उष्णता रात्री निघून जात नाही, म्हणून ओल आणि ऊब जोडीनेच येतात.

अशा हवेत वाटाण्याची फुले गळतात, फुलकोबीचा गड्डा घट्ट बांधत नाही आणि गाजराला रंग चढत नाही. त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नसतो. पालक, चुका, सांभार (कोथिंबीर), मुळा, कांद्याची पात, वांगी आणि कुंपणावर चढवलेला पोपटाच्या (वालाच्या) शेंगांचा वेल यांना मात्र ही हवा मानवते, फक्त मुळाशी पाणी साचता कामा नये. खरा प्रश्न आमच्या काळ्या जमिनीचा आहे. ती ओल धरून ठेवते, लवकर वाफसा (पेरणीजोगी, बेताची ओल) येऊ देत नाही, आणि मुळांना हवा मिळेनाशी झाली की उभे रोप दोन दिवसांत माना टाकते. नोव्हेंबरच्या शेवटी मी अर्धी मेथी सपाट वाफ्यात आणि अर्धी वीतभर उंचीच्या गादीवाफ्यावर पेरली होती. दोन दिवसांच्या झडीनंतर सपाट वाफ्यातली मेथी हाताने उचलली तेव्हा देठ मातीलगत तपकिरी होऊन कुजलेले होते आणि जुडी हातातच विरघळल्यासारखी झाली. चार हातांवरच्या गादीवाफ्यातली मेथी आम्ही पुढे तीन वेळा कापून खाल्ली. बियाणे एकच, खत एकच, पाऊसही एकच होता.

आच्छादनासाठी मी सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरते, त्यामुळे पावसाचा चिखल पानांवर उडत नाही. मात्र ते खोडाला चिकटू देत नाही, कारण ओल्या कुटाराखाली गोगलगायी जमतात. ढगाळ हवेत पोपटाच्या शेंड्यांवर काळा मावा हमखास येतो. अर्धा किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, दहा लिटर पाण्यात केलेला पाच टक्के अर्क फवारला, तर तो आटोक्यात राहतो. ज्या भाजीला सायंकाळी चूल गाठायची आहे तिच्यावर कीटकनाशक मारणे मला कधीच पटलेले नाही.

हरभऱ्याच्या भाजीविषयी थोडे सविस्तर लिहिते. पेरणीनंतर महिनाभराने शेंडे खुडले की झाडाला फांद्या फुटतात आणि घराला भाजी मिळते. या पानांवर आंब, म्हणजे आंबट दव, असते, तिच्यामुळे बोटे चरचरतात आणि भाजीला आंबटपणा येतो. यंदाच्या पावसाने ती आंब वारंवार धुऊन नेली, त्यामुळे भाजी फिकी लागली आणि झाडावर घाटेअळीही वाढली. दरवर्षी आम्ही हाच पाला गच्चीवर वाळवून उन्हाळ्यासाठी डब्यात भरतो. यंदा ऊन नसल्याने पहिल्या खेपेला बुरशी आली. दुसरी खेप पडवीत खाटेवर पातळ पसरून, रोज उलटवून सावलीतच वाळवली तेव्हा ती टिकली. घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर, मात्र चांगला झाला, कारण पाला कोवळा होता. कच्चा खायचा म्हणून तो मिठाच्या पाण्यातून दोनदा काढावा लागला, एवढेच. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, त्यात कांद्याची पात व सांभार, आणि सोबत तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात हे जेवण या ओल्या हिवाळ्यातही आमच्या ताटातून गेले नाही.

सातबाऱ्यावर नोंद नसलेल्या सांदवाडीचा पंचनामा होत नाही आणि तो व्हावा अशी माझी मागणीही नाही. ज्या वर्षी तूर आणि हरभरा दोन्ही हातचे जातात आणि बाजारातली भाजी विकत घेण्याइतका पैसा घरात उरत नाही, त्याच वर्षी ही वाडी घराला खाऊ घालते, म्हणून तिला सल्ल्याची गरज आहे. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, निघणाऱ्या कृषी हवामान सल्ला पत्रिकेत कापूस व तुरीसोबत परसबागेसाठी दोन ओळी असाव्यात: पाऊस येणार असेल तर पेरणी थांबवावी की नाही, वाफ्याचा चर कोणत्या बाजूला काढावा, या आठवड्यात कोणती भाजी काढून घ्यावी. आपण आपल्या कृषी पानावर त्यांना जागा दिलीत, तर सल्ला पत्रिका ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही अशा गावोगावच्या बायांपर्यंत त्या पोहोचतील. शक्य झाल्यास याची सुरुवात याच महिन्यात करावी, कारण उन्हाळी चवळी आणि भेंडीसाठी आमचे वाफे आता तयार होत आहेत.

आपली नम्र,
एक वाचक
ता. वरोरा, जि. चंद्रपूर