आई-बाबा, त्या माणसाला पैसे देऊ नका

पणजी

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर या विषयावर बोलणं होत नाही. बाबा दोन वाक्यांत फोन आईच्या हातात देतात आणि आई जेवलीस का विचारून विषय बदलते. घरी आले की तुमचे चेहरे बघून माझेच शब्द अडतात. म्हणून लिहिते आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. सरकारी खात्यात नोकरीला चिकटवून देतो म्हणत जो माणूस आपल्याकडे येऊन बसतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. त्यासाठी सुपारीच्या कुळागराचा तुकडा विकायचा विचार तर मनातून काढूनच टाका. सरकारी नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी 2024 च्या अखेरीस एकामागून एक पोलिसांत गेल्या, अटका झाल्या, हे बाबांनी पेपरात माझ्या आधी वाचलं असेल. आता कारकुनाच्या जागासुद्धा कर्मचारी भरती आयोगाच्या परीक्षेतून भरल्या जातात. कुणाच्या ओळखीने काही होतं म्हणणारा माणूस आपल्याला फसवतोच आहे.

पण समजा तो अगदी खरा निघाला, तरी मला ती नोकरी नको. मला माझं काम मिळालं आहे, नेटवर्क सांभाळायचं.

बाबा, तुम्हाला सरकारी नोकरीचा एवढा ध्यास का, ते मला पुरतं ठाऊक आहे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी शाळेत होते. ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले. तुम्ही रोज सकाळी उठून काच पुसायचात, जणू आज फेरी लागणारच आहे. मध्ये थोडं सुरू झालं, तोवर 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सगळं थांबलं. त्या वर्षांत घर तगलं ते आईच्या मराठी शाळेतल्या पगारावर. पहिल्या तारखेला पगार येतो म्हणजे काय, हे आपल्या घराइतकं कुणाला कळणार? त्यामुळे तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणारच नाही. माझा पगार सध्या कमी आहे, कारकुनालाही माझ्याहून जास्त मिळतो, हेही मान्य. तरीही माझं ऐकून घ्या.

आई, तू शेजारी सांगतेस की बाय कॉम्प्युटर दुरुस्त करते. तसं नाही गं. एका हॉटेलात काय काय असतं बघ: स्वागतकक्षातले कॉम्प्युटर, कार्ड घासायची मशीन, सीसीटीव्ही, स्वयंपाकघरात ऑर्डर छापणारा छोटा प्रिंटर, खोल्याखोल्यांतले फोन, आणि पाहुण्यांचं वायफाय. हे सगळं वायरींनी एका कपाटात येतं. त्या कपाटाला आम्ही रॅक म्हणतो, आत स्विच आणि राउटर असतात, म्हणजे वायरी एकत्र जोडून निरोप पुढे पाठवणारी यंत्रं. कुणाचा निरोप कुठे जायचा, कुठून जायचा आणि कुठे मुळीच जाता कामा नये, हे ठरवणं आणि ते चोवीस तास चालू ठेवणं हे माझं काम. पाहुण्याच्या मोबाईलवरून हॉटेलच्या बिलिंगपर्यंत कुणाला पोचता आलं तर अनर्थ होईल, म्हणून वायर तीच असली तरी आतले रस्ते वेगळे करतो. त्याला व्हीलॅन म्हणतात. हॉटेलांसारखीच इस्पितळं आहेत, वेर्ण्याचे कारखाने आहेत.

वायरीची जोडणी करताना तुम्ही मला एकदा बघायला हवं होतं. निळ्या सालीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पीळ घातलेल्या. शेजारच्या तारांचा त्रास एकमेकींना होऊ नये म्हणून तो पीळ असतो. टोकाशी तो उलगडायचा, पण अगदी अर्धा इंच, त्याहून जास्त नाही. मग क्रम लावायचा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापून पारदर्शक कनेक्टरमध्ये सरकवायची, आठही तारा शेवटपर्यंत पोचल्या का ते उजेडात धरून बघायचं आणि मग क्रिंपिंग टूल दाबायचं. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले की मला अजूनही पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो. अशी वायर 100 मीटरपर्यंतच भरवशाची, त्यापुढे फायबर, म्हणजे काचेची वायर, टाकावी लागते.

आता एका रात्रीची गोष्ट सांगते. हे वाचून आईला काळजी वाटेल, पण मी तिथे का रमते ते यावरूनच कळेल. डिसेंबरचा भर सीझन, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचं एक मोठं हॉटेल. संध्याकाळी फोन आला की सगळंच बंद पडलंय, बिल निघत नाही, पाहुणे रांगेत उभे आहेत. मी आणि आमचे सीनियर गेलो. रॅक उघडला तर स्विचवरचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत होते. एरवी ते वेगवेगळे, मध्येच थांबत लुकलुकतात. सीनियर म्हणाले, लूप आहे, शोध. मी एकेक वायर काढून दिव्यांकडे बघत गेले. एक वायर काढली आणि सगळे दिवे एकदम शांत झाले. ती सभागृहात जात होती. तिथे साफसफाई करताना कुणीतरी लोंबकळणाऱ्या वायरीचं मोकळं टोक नीटनेटकं दिसावं म्हणून भिंतीतल्या दुसऱ्या खाचेत खोचलं होतं. बिचाऱ्याने चांगल्याच हेतूने केलं होतं. पण त्यामुळे निरोपाला परत यायची वाट झाली, एकाचे दोन, दोनाचे चार होत तो फिरतच राहिला, आणि बाकी कशालाच जागा उरली नाही.

यावर उपाय फार पूर्वीच निघालेला आहे. 1985 मध्ये रेडिया पर्लमन नावाच्या बाई डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीत होत्या. त्यांनी स्पॅनिंग ट्री नावाची रीत शोधून काढली. तिच्यामुळे स्विच आपसांत बोलून ठरवतात की कोणती वाट उघडी ठेवायची आणि कोणती मिटायची. बाबा, तुम्ही मांडवीचा पूल पडल्याची आठवण नेहमी सांगता ना? 1986 च्या जुलैत तो कोसळला आणि पणजी-पर्वरीच्या माणसांना पुन्हा फेरीबोटीसाठी ताटकळावं लागलं. आज तिथे तीन पूल आहेत, 2019 ला अटल सेतूही झाला, म्हणून एक बंद पडला तरी वाहतूक अडत नाही. आम्हीही महत्त्वाच्या ठिकाणी दोन वाटा ठेवतो. फक्त गाड्या सगळ्या पुलांवरून एकदम जाऊ शकतात, आमच्याकडे मात्र दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या ठेवल्या की त्या हॉटेलात झालं तेच होतं. म्हणून पर्लमनबाईंच्या रीतीने एक वाट मिटून ठेवायची आणि पहिली तुटली की ती आपोआप उघडायची. पूर्वी त्याला 30 ते 50 सेकंद लागायचे, नव्या पद्धतीत डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं म्हटलं तरी चालेल. त्या हॉटेलच्या स्विचवर ही सोय कुणीतरी बंद करून ठेवली होती. आम्ही ती चालू केली आणि मगच निघालो.

आई, बाई माणसाने रात्री-अपरात्री शिड्या चढायच्या का, असं तू विचारलं होतंस. आजच्या घडीला जगातल्या कोट्यवधी स्विचमध्ये एका बाईचं डोकं चालतं आहे, हे मला तेव्हा सांगायचं होतं. रात्रीचं म्हणशील तर तेही खरं आहे. मोठे बदल रात्रीच करावे लागतात, कारण दिवसा इस्पितळाचं नेटवर्क थांबवता येत नाही. पण मी एकटी कधी जात नाही, कंपनीची गाडी नेते आणि खोलीच्या दारात आणून सोडते. उशीर झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी हजर व्हायचं असतं.

अभ्यासही चालू आहे. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची सीसीएनए नावाची परीक्षा देणार आहे. वेळ 120 मिनिटं, फी 300 डॉलर आणि वर कर, आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. फी मी माझ्या पगारातून साठवते आहे, तुम्ही त्यात काही घालायचं नाही. आई, यातला एक भाग तुला फार आवडेल. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, तो 32 बिटांचा, म्हणजे 32 शून्य-एकांचा, म्हणून असे पत्ते सुमारे 429 कोटीच होतात. ते जगाला केव्हाच अपुरे पडले, म्हणून घरोघरी आतले वेगळे पत्ते वापरतात आणि आता 128 बिटांचे नवे पत्तेही आले आहेत. एका कार्यालयाला किती पत्ते द्यायचे ते दर वेळी दुप्पट करत मोजायचं असतं: 2, 4, 8, 16, 32, 64. चौसष्टचा गट घेतला तर पहिला आणि शेवटचा पत्ता यंत्रांना देता येत नाही, वापरायला उरतात 62. ऑफिसात सगळे मोबाईल काढून हिशेब करतात आणि माझं तोंडी झालेलं असतं. वर्गातल्या फळ्यासमोर उभं करून तू पाढे म्हणून घ्यायचीस, त्याचा हा उपयोग.

बाबा, आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. हे किती वर्षं टिकेल? उद्या बंद पडलं तर? माझी कंपनी बंद पडू शकते, छोटीच आहे. पण ज्या नियमांवर हे सगळं चालतं ते टीसीपी-आयपी 1 जानेवारी 1983 ला अमेरिकेतल्या अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर लागू झाले आणि आजही त्यांच्यावरच तुमचा व्हॉट्सॲप चालतो. यंत्रं बदलतात, हाताने करायची काही कामं आता प्रोग्राम करू लागले आहेत, म्हणून मी पायथन ही प्रोग्रामची भाषाही थोडी शिकते आहे. तुमच्या ट्रकला खाणच लागत होती, खाण गेली आणि ट्रक उभा राहिला. माझं काम इस्पितळाला लागतं, बँकेला लागतं, बंदराला, कारखान्याला, शाळेलाही लागतं. हे सगळं एका निकालाने एकाच दिवशी बंद व्हायचं नाही. पुण्या-बंगळुरूला पगार जास्त आहे हे मला माहीत आहे. तूर्त मला गोव्यातच राहायचं आहे, तुमच्यापासून एका बसच्या अंतरावर.

काकांच्या धाकट्यालाही या क्षेत्रात यायचंय म्हणे. त्याला सांगा, शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या क्लासला आधी पैसे भरू नकोस. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावरच अख्खं नेटवर्क मांडून बघता येतं. महिनाभर ते मनापासून कर, पत्त्यांचे हिशेब वहीत हाताने सोडव, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख करून घे. तरीही गोडी राहिली तर मला फोन कर. गावातल्या इंटरनेटवाल्याकडे सुट्टीत फायबर ओढायला गेला तर आणखी उत्तम, तिथे शिकतो ते क्लासात शिकवत नाहीत. मराठी शाळेतला आहे म्हणून त्याने घाबरायचं कारण नाही, मीही तिथलीच. इंग्रजी माहितीपत्रकं वाचायची सवय मात्र आत्तापासून लावायला हवी.

पाऊस तोंडावर आला आहे. वीज कडाडायला लागली की घरच्या राउटरचा प्लग भिंतीतून ओढून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. खिडकीतून आत येणारी फायबरची बारीक पिवळी वायर कुणी दुमडू देऊ नका, आत केसासारखी काच आहे, पटकन तुटते. मनीप्लांटची कुंडी तिच्यावरून उचला. चवथीला मी चार दिवसांची रजा टाकली आहे, मंजूरही झाली. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला बाबांबरोबर मी जाईन.

आणि बाबा, तो माणूस रविवारी परत येणार आहे असं आई म्हणाली. त्याला तुम्हीच नाही म्हणून सांगा. तोंडावर नाही म्हणायला तुम्हाला अवघड जात असेल, तर मी शनिवारी संध्याकाळच्या वाळपईच्या कदंब बसने येते आणि मी सांगते. कसं ते उद्या फोनवर कळवा, म्हणजे तशी सुट्टी घेते.

तुमची
बाय