वादळाचा इशारा: आजची प्रार्थनासभा 5 वाजता

मंडळीतील सर्वांना सप्रेम सलाम.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला आहे. म्हणून आजची प्रार्थनासभा 6 ऐवजी 5 लाच सुरू होईल. उजेड आहे तोवर सगळे घरी पोहोचायला हवेत. वाचन: बायबलमधून स्तोत्र 46 आणि मार्क 4:35-41, म्हणजे तारवात झोपलेल्या येशूने उठून वादळ शांत केलं तो भाग.

भीती वाटते म्हणजे आपला विश्वास उणा, असं कोणीही मनाला लावून घेऊ नका. तारवातले काही शिष्य तर मासेमारीवरच जगलेले, पाणी ओळखणारे. तेही घाबरले, आणि घाबरून त्यांनी येशूलाच उठवलं. आपणही त्यालाच हाक मारू.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमच्या पडवीचे पत्रे उडून गेले. आई माजघरात खाटेचा पाय घट्ट धरून 46 वं स्तोत्र म्हणत होती. डोंगर समुद्रात कोसळण्याच्या ओळीपाशी तिचा आवाज अडला. पुढचं धाकट्याने म्हटलं, मग आम्ही सगळ्यांनी. पत्रे गेले ते गेलेच, पण त्या दुपारी प्रभू आमच्या माजघरात होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

होड्या मात्र आत्ताच वर ओढून घ्या. कौलारू घरातल्या वयस्कर माणसांना आपल्या प्रार्थनामंदिराशेजारच्या हॉलमध्ये आणा, तिथे स्लॅब आहे. रोजची औषधं, बॅटरी आणि प्यायचं पाणी बरोबर असू द्या. वाडीत कोणी एकटं राहिलं असेल, मग ते आपल्या मंडळीतलं असो वा नसो, ग्रुपवर लगेच कळवा. तरुण संघाची मुलं आणायला येतील.